झाकण हरणाऱ्यांचं

कप जिंकणाऱ्यांना आणि झाकण हरणाऱ्यांना, अशी त्या करंडकाची रीत होती. अंतिम सामना संपला की मैदानाच्या एका टोकाला टेबल मांडून जिंकलेल्या विभागाला कप द्यायचा, आणि दुसऱ्या टोकाला, तितकीच पांढरी चादर घातलेल्या टेबलावरून, हरलेल्या विभागाला झाकण. मग वर्षभर कप एका गावी नांदायचा आणि झाकण दुसऱ्या. झाकण कपावर ठेवायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. ठेवलं तर स्पर्धा बंद पडते, असं म्हणत. कोण म्हणत, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण क्रिकेटवाल्यांना असल्या गोष्टी पटवून द्याव्या लागत नाहीत. डावा पॅड आधी बांधणारी आणि जोडी जमली की बसल्या जागेवरून न हलणारी माणसं ती.

चष्म्याच्या दुकानातल्या ताईला या करंडकाशी काही घेणंदेणं नव्हतं. तिचा नवरा मात्र त्या स्पर्धेचा स्कोअरर होता आणि ते काम नोकरीपेक्षा मन लावून करायचा. लग्न ठरवताना तिला सांगितलं होतं, मुलाला व्यसन नाही. पुढे तिने ते सांगणाऱ्याला बरीच वर्षं शोधलं.

या वर्षी स्पर्धेचा सुवर्णमहोत्सव होता. स्पर्धा भरवणाऱ्या क्रिकेट संघटनेने नव्या कार्यालयात काचेचं कपाट करून घेतलं होतं. कप आणि झाकण आता कायमचे त्यात एकत्र राहणार होते आणि खेळाडूंना दरवर्षी नवी, चकचकीत प्रतिकृती मिळणार होती. कपाटाखाली पितळी पाटी लागायची होती, तिच्यावर करंडकाचा इतिहास. सेक्रेटरीने ते लिहायचं काम स्कोअररवर सोपवलं, आणि त्या दिवसापासून घरात जेवताना इतिहास वाढला जाऊ लागला.

पहिल्या काही वर्षांच्या स्कोअरवह्या वाळवीने खाल्ल्या होत्या, त्यामुळे सुरुवात त्याला मनानेच लिहावी लागली होती. एका दुपारी त्याने घास बाजूला ठेवून वाचून दाखवलं: संस्थापक अध्यक्षांचं मन आभाळाएवढं होतं. पराभूतांचाही मान राहावा म्हणून पहिल्याच अंतिम सामन्यानंतर त्यांनी स्वहस्ते कपावरचं झाकण काढलं आणि...

"झाकण मी दिलं नव्हतं म्हणून," ताईची आई म्हणाली.

आई जेवत होती. मान वर न करताच बोलली. ताईने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने ताईकडे, आणि मग दोघांनीही आईकडे बघून मान डोलावली.

ही मान डोलावण्याची सवय त्या घराला गेल्या वर्षभरात लागली होती. आईला विसरायला व्हायला लागलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खोडून काढू नका, वाद घालू नका, हो म्हणा. त्यामुळे आई म्हणाली की खालच्या मजल्यावरची बाई आपला पंखा घेऊन गेली, की सगळे हो म्हणत. आई म्हणाली की पंखा परत आला, तरी हो म्हणत. पंखा छताला होता तिथेच फिरत असे.

"डोलावू नका माना," आई म्हणाली. "मी काय बाळ आहे? विचारा ना काय ते."

म्हणून ताईने विचारलं. आईने जे सांगितलं ते असं. लग्नाआधी ती वीज कार्यालयात टायपिस्ट होती. कार्यालयांच्या टायपिंग स्पर्धेत ती पहिली आली आणि तिला कप मिळाला, दोन कानांचा, चांदीचं पाणी दिलेला, झाकणासकट. तो तिने कार्यालयात टेबलावर ठेवला. कार्यालयाचे मोठे साहेब हेच क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष. पहिल्या अंतिम सामन्याच्या दिवशी, बनवायला टाकलेला करंडक काही वेळेवर आला नाही. साहेब घाम पुसत तिच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, आजच्या संध्याकाळपुरता तुझा कप दे. साहेबच मागताहेत म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? पण तिने कप दिला आणि झाकण पिशवीत टाकून घरी नेलं.

हे मात्र ताईला पटलं. आजी, म्हणजे आईची आई, शेजारी कधीही झाकणासकट भांडं देत नसे. झाकणासकट दिलं की ते तिकडेच संसाराला लागतं, असं तिचं म्हणणं. झाकण आपल्याकडे राहिलं तर भांडं परत येतं. आईने ते उचललं आणि ताईनेही. चष्मा दुरुस्तीला टाकणाऱ्या गिऱ्हाइकाला ती तात्पुरता चष्मा द्यायची, पण त्याची डबी द्यायची नाही.

पुढचं आईने असं सांगितलं. तिचा धाकटा भाऊ त्या सामन्यात विकेटकीपर होता आणि त्याचा संघ हरला होता. दुसऱ्या दिवशी मित्र घरी आले, त्यांना फडताळात झाकण दिसलं. हे काय म्हणून विचारल्यावर भाऊ ऐटीत म्हणाला, हरलेल्यांना झाकण असतं. एवढंच. रिकाम्या हाताने आलो म्हणायची लाज, दुसरं काय. पण पुढच्या वर्षी हरलेला संघ आपला मान मागायला थेट त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. भाऊ रडकुंडीला आला. "मग दिलं एक झाकण," आई म्हणाली आणि पाण्याचा पेला उचलला.

"आणि कप?" ताईने विचारलं.

"साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की. दरवर्षी पुढच्या वर्षीच."

मग तिने भाजी मागितली. खरकटी ताटं उचलताना, कुणी न विचारता, तिने आणखी एक सांगितलं. तिला काही नको. कप नको, पाटी नको. कपावर झाकण बसलेलं एकदा बघायचंय. ते बसताना बारीकसा आवाज व्हायचा.

ताई दुकानात आली ती हाच गुंता घेऊन. तिचं दुकान म्हणजे दोन खोल्या, पुढे फ्रेमांच्या काचा आणि मागे तपासणीची अंधारी खोली. समोरच्या भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड लोखंडी फ्रेम. भिंगं बदलत ती विचारायची, आता बरं की मगाचं? भले भले तिथे गोंधळून जात. बँकेचे मॅनेजर घाबऱ्या आवाजात म्हणत, परत एकदा दाखवा. काहीजण तिच्या आवाजावरून उत्तर ताडायचे. तिला आता तसंच वाटत होतं. आईची गोष्ट स्पष्ट दिसत होती, पण गेलं वर्षभर आईला चोरीला गेलेला पंखाही तितकाच स्पष्ट दिसत होता.

टेबलावर तिने स्क्रूची वाटी पुढे ओढली. दुकान काढलं तेव्हा आईने दिलेली ही काळपट वाटी, बुडाला बोंड असलेली. बोंडामुळे सरळ उभी राहायची नाही, म्हणून चिकटपट्टीच्या रिकाम्या रिळात बसवलेली. कडेला वेलबुट्टी होती, ती अंगठ्याला लागायची. एवढी वाकडी वाटी कुणी बनवली असेल, असं गिऱ्हाइकं विचारत. ताई म्हणायची, आमच्या घरात सरळ काय आहे?

संध्याकाळी तिने आईला पुन्हा विचारलं, अगदी सहज, चहा गाळता गाळता. साखरेच्या भांड्यावरची बशी उचलली, मुंग्या फुंकल्या आणि म्हणाली, टायपिंगची स्पर्धा कुठे झाली होती गं?

"कसली टायपिंगची? पोहण्याची," आई म्हणाली. "मी पाठीवर पोहत असे."

ताईने साखर दोनदा घातली.

दोन दिवसांनी आणखी तिसरंच निघालं. कप मुळात आईचा नव्हताच. तो तिच्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचा. मैत्रीण बदली होऊन गेली तेव्हा जाताना म्हणाली, सामानात चेपेल, तू सांभाळ, मी नेईन. ती काही न्यायला आली नाही. ताईने हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. म्हणजे करंडक उसना, आणि तोही उसन्यातला उसना. हे पाटीवर कसं लिहायचं?

पण झाकणाचं मात्र आई प्रत्येक वेळी तेच सांगत होती. कप दिला, झाकण ठेवलं, भावाने थाप मारली. त्यात एक अक्षर हलत नव्हतं. ताईच्या ते लक्षात आलं आणि मग तिला राहवेना. इतकी वर्षं आई सांगायची ते ती अर्धंच ऐकत आली होती, आधी घाई म्हणून आणि आता आजार म्हणून. हे एवढं जर खरं असेल आणि आपण त्यालाही नुसती मान डोलावली, तर आईच्या तोंडून निघालेल्या कुठल्याच शब्दाला यापुढे किंमत उरणार नाही. स्कोअरर म्हणाला, "पुरावा आण, मी लिहितो." तो वाईट माणूस नव्हता. पंचाने बोट वर केल्याशिवाय त्याला कुणी आउट झालेलं दिसतच नसे, एवढंच.

साहेब गेले होते, मामाही गेला होता. आईखेरीज पहिल्या सामन्याच्या वेळचं माणूस हयात एकच होतं, गुगलीकाका. त्यांच्या विभागाकडे गेल्या वर्षीचं झाकण होतं आणि ते त्यांच्याच बैठकीच्या खोलीत, रेडिओवर, मखमलीच्या तुकड्यावर ठेवलेलं होतं. ताई गेली तेव्हा त्यांनी तिला ते दुरूनच दाखवलं. वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं, आणि पॉलिश करकरून आरशासारखं गुळगुळीत झालेलं. मग त्यांनी डोळे मिटून सांगितलं की अध्यक्षांनी झाकण काढलं ते त्यांच्या डोळ्यांदेखत, आणि अध्यक्षांचं भाषणही शब्दन् शब्द म्हणून दाखवलं.

आतून काकूंचा आवाज आला. त्या म्हणाल्या की त्या दिवशी हे आमच्याकडे मला बघायला आले होते. काका म्हणाले, ते दुसऱ्या वर्षी. काकू म्हणाल्या, दुसऱ्या वर्षी आपल्याला मुलगी झाली होती. काका डोळे उघडून म्हणाले, "मग मी भाषण ऐकलं कुठे?" हे त्यांनी इतक्या खऱ्याखुऱ्या काळजीने विचारलं की ताईलाच त्यांची समजूत घालावी लागली.

समारंभाच्या आदल्या दुपारी कार्यालयात कपाट सजवायचं होतं. ताई आईला घेऊन गेली. आईने ठेवणीतली साडी नेसली होती आणि पर्स धरली होती, कार्यालयात कामावर निघाल्यासारखी. सभागृहात सेक्रेटरी होते, काठी टेकत गुगलीकाका आले होते, झाकण छातीशी धरून. टेबलावर कप. सेक्रेटरी तसे चांगले होते. "आजी, बसा ना," म्हणाले आणि चहा सांगितला. स्कोअररने कानाशी लागून त्यांना आधीच काहीतरी सांगितलं असावं, कारण तेही मान डोलवायला लागले.

आईने कपाकडे बराच वेळ पाहिलं. "बारीक झालाय," म्हणाली.

कप तसा झिजलाच होता. दरवर्षी जिंकणारे त्याला घासूनपुसून लख्ख करायचे. कान पातळ झाले होते, अंगावरची नक्षी उजेडात तिरपं धरल्याशिवाय दिसत नव्हती. कपाखालच्या लाकडी बैठकीवर विजेत्यांची नावं होती, पण कपाचं बूड त्या बैठकीत दडलेलं होतं. ताईने पर्समधून चष्म्याचा पेचकस काढला. सेक्रेटरी कचरले, पण स्कोअरर म्हणाला, बघू द्या. बैठकीचे तीन स्क्रू निघाले आणि बूड मोकळं झालं. सगळे वाकले. डोकी एकमेकांवर आपटली.

बुडावर अक्षरं होती. "प्रथम क्रमांक" एवढं वाचता आलं. त्याच्यापुढे कशात आणि कोणाला ते होतं, तिथे कधीकाळी बैठक बसवताना कानस फिरवलेली.

"मग बरोबर आहे की," सेक्रेटरी म्हणाले. "क्रिकेटमध्ये प्रथम क्रमांक."

स्कोअररने चष्मा काढून पुसला. ताईने आईकडे पाहिलं. आई कपाच्या बुडाकडे बघत होती आणि तिचा चेहरा तपासणीच्या खोलीतल्या माणसासारखा झाला होता, अक्षर माहीत असून वाचता न येणाऱ्या. "मी पहिली आले होते," ती हळूच म्हणाली. आणि मग, "की ती आली होती?"

सेक्रेटरींनी विषय बदलण्यासाठी फोटोची आठवण काढली. फोटोसाठी झाकण कपावर ठेवायचं होतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. गुगलीकाका म्हणाले, मी ठेवणार नाही, माझ्या हातून स्पर्धा बंद पडायला नको. सेक्रेटरी हसले, झाकण त्यांच्या हातून घेतलं आणि कपावर ठेवलं.

झाकण कपात पडलं. सरळ आत, तळाला जाऊन खणकन वाजलं.

सेक्रेटरींनी कपात बघितलं. स्कोअररने बघितलं. गुगलीकाकांनी काठी भिंतीला टेकवून दोन्ही हातांनी कप धरला आणि बघितलं. पन्नास वर्षं ज्यासाठी माणसं हरली, ज्याला पॉलिश केलं, जे रेडिओवर मखमलीत बसलं, ते झाकण या कपाचं नव्हतंच. सेक्रेटरी म्हणाले, कप बदलला असणार. काका म्हणाले, अशक्य, झाकण बदललं असणार. मग त्यांना आठवलं की झाकण त्यांच्याकडे होतं, आणि ते म्हणाले, अशक्य, कपच बदलला असणार.

"ते कसं बसेल?" आई म्हणाली. "ते साखरेच्या भांड्याचं आहे."

सगळ्यांच्या माना सवयीने डोलल्या. ताईची मात्र डोलली नाही. तिच्या डोळ्यांपुढे घरचं साखरेचं भांडं आलं, तिच्या जन्मापासून बशीने झाकलेलं. का, असं तिने कधी विचारलंच नव्हतं. सगळ्या घरांत साखरेवर बशीच असते, असं तिला लग्न होईपर्यंत वाटायचं.

ती आईच्या खुर्चीशी खाली बसली. "तू मामाला साखरेच्या भांड्याचं झाकण दिलंस?"

"मग काय कपाचं देणार? कप परत आल्याशिवाय झाकण देतं का कुणी?" आईला या प्रश्नाचंच नवल वाटलं होतं.

"आणि कपाचं कुठेय?"

आईने आठवून पाहिलं. कपाळावर आठ्या आल्या, ओठ हलले, हात पर्सच्या बंदावर फिरला. "जपून ठेवलं होतं," ती म्हणाली. "तुला दिलं ना? तू म्हणालीस, बारीक काहीतरी ठेवायला हवंय."

ताई उठली ती कुणाला काही न सांगता बाहेर पडली. दुकान पलीकडच्याच गल्लीत होतं. कुलूप उघडताना किल्ली दोनदा खाली पडली. स्क्रूची वाटी तिने भिंगांच्या ट्रेमध्ये उपडी केली, सगळे स्क्रू एकमेकांत मिसळले, असू दे म्हणाली. वाटी पालथी धरली. बोंड वर आलं. इतकी वर्षं उलटं ठेवलं होतं म्हणून वाकडं वाटलं, सरळ धरल्यावर ते झाकण होतं. काळं पडलेलं, कुणी कधी न घासलेलं, आणि म्हणूनच त्याच्या कडेची वेलबुट्टी अजून कोरी होती. कपाच्या अंगावर ती तिरप्या उजेडात जेमतेम दिसायची, ती हीच.

सभागृहात परतल्यावर तिने ते आईच्याच हातात दिलं. आईने साडीच्या पदराने पुसलं, उभी राहिली, कपावर ठेवलं. ते जरा तिरकं बसलं. आईने बोंड चिमटीत धरून किंचित फिरवलं, आणि बारीकसा आवाज झाला, पर्सची कळ मिटावी तसा.

"हं," आई म्हणाली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सेक्रेटरी खुर्चीत बसले. स्कोअररने खिशातून पेन काढलं, परत ठेवलं, मग सासूबाईंसमोर येऊन उभा राहिला. "आई, चुकलं माझं," म्हणाला. "मी तुमचं ऐकायला हवं होतं." आईने त्याच्याकडे असं बघितलं की हा कोण, आणि मग ओळख पटल्यावर म्हणाली, जावईबापू, चहा घेतलात का?

पुढचा गोंधळ वेगळाच झाला. खऱ्या झाकणासकट कप कपाटात ठेवायचा, असं सेक्रेटरी म्हणाले, तर गुगलीकाका अडून बसले. साखरेचं असो नाहीतर मिठाचं, आम्ही यासाठी हरलोय, हेच झाकण हरणाऱ्यांना मिळालं पाहिजे. फोनवर अंतिम सामन्यातल्या दोन्ही विभागांचे कप्तान तेच म्हणाले. म्हणजे हे झाकण इतिहासात खोटं होतं आणि स्पर्धेत खरं, आणि दुसरं इतिहासात खरं असून स्पर्धेत त्याला कुणी ओळखत नव्हतं. स्कोअरर हे कागदावर मांडायला गेला आणि त्याने कागद चुरगळला.

तो गुंता आईनेच सोडवला. सगळे बोलत असताना तिने झाकण अलगद फिरवून काढलं, पर्समध्ये टाकलं आणि कळ मिटली.

"आजी, ते इथेच राहू दे ना," सेक्रेटरी म्हणाले.

"कप कधी देताय परत?"

सेक्रेटरींनी स्कोअररकडे पाहिलं, स्कोअररने छताकडे. शेवटी सेक्रेटरी अगदी पडलेल्या आवाजात म्हणाले, "पुढच्या वर्षी, आजी. नक्की."

"मग झाकण पुढच्या वर्षी," आई म्हणाली, आणि ताईचा हात धरून निघाली.

समारंभ ठरल्या दिवशी झाला. अंतिम सामन्यानंतर कप पुन्हा जिंकणाऱ्यांकडे गेला, साखरेचं झाकण हरणाऱ्यांकडे, आणि काचेचं कपाट रिकामंच राहिलं. पाटी मात्र लागली. स्कोअररने दोन पानांची एक ओळ केली होती. हा करंडक, प्रथम क्रमांक मिळवलेल्या एका बाईंकडून, एका संध्याकाळपुरता उसना आणलेला आहे.

ती ओळ लिहिण्याआधी त्याने ताईला गळ घातली होती, शेवटचं एकदा विचार, नाव देता येईल. ताईने आईला दुकानात नेलं, चष्म्याचा नंबर तपासायचाच होता. अंधाऱ्या खोलीत नाकावर ती जड फ्रेम चढवून आई तक्त्याकडे बघत बसली होती. ताईने भिंग बदलता बदलता विचारलं, टायपिंग होतं, पोहणं होतं, की मैत्रिणीचाच होता?

आईने विचार केला. "मगाचंच बरं होतं," म्हणाली.

ताईने ते तसंच राहू दिलं. आईच्या पर्समधलं झाकण पुन्हा रिळात उलटं बसवलं आणि ट्रेमधले स्क्रू निवडायला घेतले, लहान एकीकडे, मोठे एकीकडे.

"कप आला का गं?" आईने आतून विचारलं.

"नाही अजून," ताई म्हणाली.